न धावलेली शर्यत : एरिक लिडलची श्रद्धा आणि ‘चॅरिअट्स ऑफ फायर’

ओल्या वाळूतून अनवाणी धावणारे पांढऱ्या कपड्यांतले तरुण आणि त्यांच्यामागे वाजणारे व्हॅन्जेलिसचे संगीत. हे दृश्य ‘चॅरिअट्स ऑफ फायर’ न पाहिलेल्यांच्याही परिचयाचे असते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात रोवन ॲटकिन्सनने याच संगीतावर विनोदी प्रवेश केला, तेव्हा जगभरच्या प्रेक्षकांना तो समजावून सांगावा लागला नाही. संगीत असे सर्वांचे झाले. मात्र ज्या माणसाच्या हट्टातून ही कथा जन्माला आली, त्याचा हट्ट नेमका काय होता हे मागे पडले. एरिक लिडल या स्कॉटिश धावपटूने १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी धावायला नकार दिला. रविवार हा देवाचा दिवस, त्या दिवशी खेळ नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. एखाद्याने एकादशीचे कारण सांगून कसोटी सामना सोडावा, तशी आजच्या वाचकाला काहीशी कर्मठ वाटणारी ही गोष्ट आहे.

तरीही ही गोष्ट जगाने डोक्यावर घेतली. ह्यू हडसन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९८१ मध्ये आला. सर्वोत्कृष्ट चित्रपट, मूळ पटकथा, संगीत आणि वेशभूषा अशी चार ऑस्कर पारितोषिके त्याला मिळाली. ज्या नकाराबद्दल १९२४ मध्ये लिडलला बोल लावले गेले, त्याच नकारासाठी सत्तावन्न वर्षांनी चित्रपटगृहांत टाळ्या पडल्या. मधल्या काळात काय बदलले? लोक अधिक सहिष्णू झाले असे म्हणता येईल. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. लोकांना पचेल असा बदल चित्रपटाने लिडलच्या श्रद्धेतच केला. तो कोणता, आणि त्यामुळे श्रद्धाळू खेळाडू व समाज यांच्यातल्या संघर्षाचे कोणते अंग झाकले गेले, हे या लेखात पाहायचे आहे.

घडले ते असे

लिडलचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधल्या तिएनत्सिन शहरात झाला. आईवडील लंडन मिशनरी सोसायटीचे मिशनरी. मुलाचे शालेय शिक्षण इंग्लंडमध्ये, मिशनऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या वसतिशाळेत झाले. पुढे एडिंबरा विद्यापीठात विज्ञानाचे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय रग्बी संघातून तो सात सामने खेळला. १९२३ मध्ये त्याने १०० यार्ड अंतर ९.७ सेकंदांत कापून ब्रिटिश विक्रम केला, आणि तो विक्रम पुढे पस्तीस वर्षे टिकला. पॅरिसमध्ये १०० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक त्याच्याकडून अपेक्षित होते, ते यामुळे.

ऑलिंपिकचे वेळापत्रक आले तेव्हा १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, ६ जुलै रोजी असल्याचे दिसले. दोन्ही रिले शर्यतींच्या अंतिम फेऱ्याही पुढच्या रविवारी होत्या. लिडलने तिन्हींतून नाव काढून घेतले आणि २०० व ४०० मीटरवर लक्ष दिले. हे सारे स्पर्धेच्या कितीतरी महिने आधी घडले. ४०० मीटरच्या तयारीला त्याला पुरेसा वेळ मिळाला. या काळात त्याच्यावर टीका झाली, त्याचे मन वळवण्याचे प्रयत्न झाले, देशाशी प्रतारणा केल्याचा ठपकाही आला, असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. लिडलने वादात उतरून कोणाला उत्तर दिल्याचे मात्र दिसत नाही.

पॅरिसमध्ये १०० मीटरचे सुवर्णपदक त्याचाच सहकारी हॅरल्ड अब्राहम्स याने जिंकले. ९ जुलै रोजी २०० मीटरमध्ये लिडलला कांस्यपदक मिळाले. ११ जुलै, शुक्रवार, ४०० मीटरची अंतिम फेरी. लिडल सर्वांत बाहेरच्या मार्गिकेत होता, म्हणजे कोणताही प्रतिस्पर्धी त्याला पुढे दिसणार नव्हता. त्याने पहिले अर्धे अंतर छोट्या शर्यतीच्या वेगाने कापले. दम तुटेल असे पाहणाऱ्यांना वाटत असताना तो ४७.६ सेकंदांत पहिला आला. आठवड्याच्या आत, १७ जुलै रोजी एडिंबरा विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्याच्या मस्तकावर ऑलिव्हच्या पानांचा मुकुट चढवला गेला आणि विद्यार्थ्यांनी त्याला खांद्यावरून मिरवले.

पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, हा ऑलिंपिकविजेता चीनला निघून गेला. उरलेले आयुष्य त्याने तिथेच शिक्षक आणि मिशनरी म्हणून काढले.

बोटीच्या जिन्यावरचा रविवार

चरित्रपटाने तारखा बदलल्या म्हणून तक्रार करण्यात अर्थ नसतो. नाट्यासाठी घटना जवळ आणाव्या लागतात, पात्रे एकत्र करावी लागतात. समीक्षेने पाहायचे ते हे, की बदल कोणत्या दिशेने झाले.

पहिला बदल वेळेचा. चित्रपटात लिडल पॅरिसला जाणाऱ्या बोटीवर चढत असताना एक वार्ताहर त्याला प्राथमिक फेरी रविवारी असल्याचे सांगतो. महिनोन्‌महिन्यांचा विचार एका क्षणाच्या धक्क्यात बसवला जातो. दुसरा बदल विरोधकांचा. चित्रपटात लिडलला एका खोलीत बोलावून घेतात. समोर प्रिन्स ऑफ वेल्स, लॉर्ड बर्कनहेड आणि ऑलिंपिक समितीचे उमराव बसलेले आहेत. आधी देश की आधी देव, असा खडा सवाल टाकला जातो. ही बैठक पटकथेतली आहे. प्रत्यक्षातला दबाव वर्तमानपत्रांतून, समित्यांमधून, ओळखीपाळखीच्या माणसांकडून थेंबथेंब येत होता, आणि त्यात पुष्कळ सामान्य माणसे होती. चित्रपटाने या सामान्य माणसांना वगळून विरोधकांच्या खुर्चीत उमराव बसवले. प्रेक्षक अर्थातच लिडलच्या बाजूचे होतात, कारण उमरावांच्या बाजूचे कोणालाच व्हायचे नसते. त्या काळी आपण प्रेक्षक बहुधा लिडलला बोल लावणाऱ्यांत असतो, ही शंका मनात येण्याची सोयच राहत नाही.

तिसरा बदल सुटकेचा. पेच पूर्ण आवळला गेल्यावर लॉर्ड अँड्र्यू लिंडसे हे पात्र दार उघडून आत येते आणि ४०० मीटरमधली आपली जागा लिडलला देऊ करते. हे पात्र काल्पनिक आहे. अडथळ्यांच्या शर्यतीतला धावपटू लॉर्ड बर्ली याच्यावरून ते बेतले आहे. अशी कोणतीही अदलाबदल झालेली नव्हती. प्रत्यक्षात लिडलने १०० मीटर सोडले, तेव्हा त्याबदल्यात काही मिळेल अशी हमी त्याला कोणी दिली नव्हती. ४०० मीटरमध्ये तो संभाव्य विजेता मानला जात नव्हता. चित्रपटात त्यागाच्या पाठोपाठ भरपाई येते.

या तिन्ही बदलांची दिशा एकच आहे. निर्माते डेव्हिड पटनम यांनीच सांगून ठेवले आहे की सदसद्विवेकासाठी राजसत्तेपुढे न झुकणाऱ्या सर टॉमस मूर यांच्यावरच्या ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’सारखी कथा ते शोधत होते, आणि ऑलिंपिकच्या इतिहासाचे पुस्तक चाळताना त्यांना लिडल सापडला. म्हणजे साचा आधी होता, माणूस नंतर आला. या साच्यात एकटी व्यक्ती आणि समोर सत्ता एवढेच बसते. व्यक्ती कशासाठी अडून बसली आहे, हे तिथे दुय्यम ठरते. रविवारच्या जागी दुसरे कोणतेही तत्त्व ठेवले तरी चित्रपटाचा हा भाग तसाच चालेल.

लिडलच्या दृष्टीने मात्र रविवार हे कोणतेही तत्त्व नव्हते. दहा आज्ञांपैकी ती एक आज्ञा होती. शब्बाथ पाळण्याची ही आज्ञा एकट्या मालकाला उद्देशून नाही. त्या दिवशी दासदासींनी आणि जनावरांनीही विश्रांती घ्यावी असे तिच्यात सांगितले आहे. स्कॉटलंडमध्ये ती साऱ्या समाजाची शिस्त होती. त्या शिस्तीत जाच होता, मुलांना खेळायची बंदी होती, शेजाऱ्यांची नजर होती. आणि कष्टकऱ्याला हक्काचा एक दिवसही होता. या गुंतागुंतीतून आलेला नकार चित्रपटात ‘माझे मन मला सांगते’ एवढ्यापुरता उरतो. आजच्या प्रेक्षकाला मनाचे म्हणणे कळते. आज्ञा हा शब्द त्याला अडचणीचा वाटतो.

एका वाक्याची गोष्ट

लिडलच्या नावावर सर्वांत जास्त छापले जाणारे वाक्य कोणते, तर देवाने मला वेगवान घडवले आणि धावताना मला त्याचा आनंद जाणवतो, या आशयाचे. भित्तिपत्रकांवर, प्रवचनांत, खेळाडूंच्या मुलाखतींत ते लिडलचे म्हणून येते. वास्तविक ते पटकथाकार कॉलिन वेलंड यांनी लिहिले आहे. चित्रपटात लिडल ते आपल्या बहिणीला, जेनीला उद्देशून बोलतो. धावण्याच्या नादात भाऊ देवाचे काम विसरतो आहे अशी तिची तक्रार असते. खऱ्या जेनीने असा विरोध केलेला नव्हता. वाक्य जन्माला घालण्यासाठी विरोधही जन्माला घालावा लागला.

वाक्य सुंदर आहे, आणि इयन चार्ल्सन या अभिनेत्याने ते फार साधेपणाने म्हटले आहे. लिडलच्या स्वभावाशी ते विसंगत आहे असेही नाही. चेहरा आभाळाकडे करून, हात वेडेवाकडे फिरवत धावणाऱ्या त्या माणसाला धावण्यात आनंद होता, यात शंका नाही. पण हे वाक्य एवढे लोकप्रिय का झाले ते पाहावे. त्यात श्रद्धा आणि यश एकाच दिशेला धावतात. देवाला आवडते ते मलाही आवडते, आणि ते केल्याने मी जिंकतो. अशा श्रद्धेशी कोणाचे भांडण असणार? लिडलच्या आयुष्यातला कळीचा प्रसंग याच्या उलट होता. देवाची आज्ञा आणि धावण्याचा आनंद तिथे समोरासमोर उभे ठाकले, आणि त्याने आनंद सोडला. लिडलचे म्हणून जगाने पाठ केलेले वाक्य धावण्याचे आहे. त्याची खरी ओळख असलेली शर्यत मात्र तो धावलाच नाही.

एक छोटा तपशील याला पूरक आहे. ४०० मीटरच्या अंतिम फेरीआधी लिडलला एक चिठ्ठी मिळाली होती. देवाचा मान राखणाऱ्याचा मान देव राखतो, या अर्थाच्या १ शमुवेल या पुस्तकातल्या वचनाचा तिच्यात उल्लेख होता. चित्रपटात ही चिठ्ठी अमेरिकी प्रतिस्पर्धी जॅक्सन शोल्झ देतो. प्रत्यक्षात ती ब्रिटिश संघाबरोबर असलेल्या, खेळाडूंना मालिश करणाऱ्या एका सहायकाने दिली होती. कडवट चर्चेच्या त्या दिवसांत हा दिलासा संघातल्या कनिष्ठ नोकरवर्गातून आला, ही गोष्ट मला पटकथेपेक्षा अधिक बोलकी वाटते. चित्रपटाने तीही एका नामांकित धावपटूला देऊन टाकली.

किंमत कोणी मोजली?

लिडलवर टीका करणाऱ्यांचे म्हणणे आज कोणी नीट मांडत नाही. त्यातले सर्वांत वजनदार म्हणणे रिलेबद्दलचे असू शकते, आणि चित्रपट त्याकडे वळतच नाही. १०० मीटर सोडले तर नुकसान लिडलचे. रिले मात्र चौघांची असते. पॅरिसमध्ये ब्रिटनला ४ × १०० मीटरमध्ये रौप्य आणि ४ × ४०० मीटरमध्ये कांस्य मिळाले. ४०० मीटरचा ऑलिंपिकविजेता त्या दिवशी संघात असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्या धावपटूंच्या मनात आला असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. माझ्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याने का मोजावी, हा त्या प्रश्नाचा गाभा आहे. लिडलच्या बाजूने एवढेच म्हणता येते की त्याने हे वेळेवर आणि उघडपणे सांगितले, त्यामुळे संघाला दुसरी सोय करता आली. शेवटच्या क्षणी बोटीच्या जिन्यावर त्याने हे जाहीर केले असते तर तो बेजबाबदारपणा ठरला असता. चित्रपटाने नाट्यासाठी तोच प्रसंग निवडला आणि नकळत लिडलच्या सचोटीचा एक पुरावा घालवला.

याच पॅरिस शहरात चोवीस वर्षांपूर्वी रविवारवरून दुसरी घटना घडली होती. १९०० च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा मायर प्रिन्स्टाइन लांब उडीच्या पात्रता फेरीत आघाडीवर होता. अंतिम फेरी रविवारी आली. तो ज्या सिराक्यूज विद्यापीठाकडून आला होता, ती मेथडिस्ट संस्था. तिने त्याला रविवारी उतरायला मनाई केली. प्रिन्स्टाइन स्वतः ज्यू होता. रविवार हा त्याच्या धर्माचा पवित्र दिवस नव्हताच. त्याचा प्रतिस्पर्धी ॲल्विन क्रेन्झलाइन मात्र रविवारी उतरला आणि एका सेंटिमीटरने सुवर्णपदक घेऊन गेला. प्रिन्स्टाइनचा संताप अनावर झाला, यात नवल ते काय!

दोन्ही घटनांत रविवार एकच आहे. लिडलने आपला नियम स्वतःवर लावला. प्रिन्स्टाइनवर दुसऱ्यांचा नियम लादला गेला. खेळाडूच्या श्रद्धेचा विचार करताना देव की देश या प्रश्नाने फारसा उलगडा होत नाही. किंमत कोणी मोजली, हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. तो लिडललाही सोडत नाही, हे रिलेच्या उदाहरणावरून दिसलेच.

वेइशियनमधली शिट्टी

लिडलच्या मृत्यूची बातमी चित्रपट शेवटच्या पाटीवर एका ओळीत सांगतो. चित्रपटाची चौकट धावण्याची आहे हे मान्य केले, तरी लिडलच्या रविवारचे उत्तर त्या ओळीच्या पोटात दडले आहे.

चीन-जपान युद्ध पेटल्यावर १९४१ मध्ये लिडलने गरोदर पत्नी फ्लोरेन्स आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवले. स्वतः तो मिशनच्या कामासाठी मागे राहिला. तिसरी मुलगी टोरांटोत जन्मली. तिला त्याने कधीच पाहिले नाही. १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला शांटुंग प्रांतातल्या वेइशियनच्या नजरकैदेच्या छावणीत ठेवले. एका जुन्या मिशनच्या आवारात दीड हजाराहून अधिक माणसे कोंबलेली होती. लिडल तिथे मुलांना विज्ञान शिकवी, त्यांचे खेळ घेई, म्हाताऱ्यांचे पाणी भरी. मुले त्याला ‘अंकल एरिक’ म्हणत. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, सुटकेला सहा महिने उरले असताना, मेंदूतल्या गाठीने तो गेला. वय त्रेचाळीस.

या छावणीत अमेरिकी तरुण शिक्षक लँग्डन गिल्की हेही होते. पुढे ते नावाजलेले धर्मचिंतक झाले. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘शांटुंग कंपाउंड’ हे पुस्तक धार्मिक माणसांचे कौतुक करण्यासाठी लिहिलेले नाही. झोपायच्या जागेतला वीतभर भाग शेजाऱ्याला द्यायला भल्याभल्यांनी कसा नकार दिला, रेडक्रॉसकडून आलेली खाद्यपदार्थांची खोकी सर्वांत वाटायला काही अमेरिकनांनी कशी हरकत घेतली आणि त्यासाठी नीतीची भाषा कशी वापरली, हे त्यांनी निर्दयपणे नोंदवले आहे. अशा पुस्तकात लिडल बदललेल्या नावाने येतो आणि लेखकाने आयुष्यात पाहिलेला संतपदाच्या सर्वांत जवळचा माणूस ठरतो. श्रद्धेची झूल पांघरलेला स्वार्थ उघडा पाडणाऱ्या साक्षीदाराने दिलेला हा निर्वाळा मला महत्त्वाचा वाटतो.

छावणीत रविवारी खेळ नसत, आणि लिडलचीही तीच भूमिका होती. कोंडलेल्या मुलांना ते असह्य झाले. त्यांनी एका रविवारी स्वतःच हॉकीचा सामना भरवला. पंच नव्हता. सामन्याचे पर्यवसान मारामारीत झाले. पुढच्या रविवारी मुले पुन्हा जमली, तेव्हा शिट्टी घेऊन लिडल मैदानावर उभा होता.

ऑलिंपिकच्या सुवर्णपदकासाठी जो रविवार त्याने मोडला नाही, तो पोरांच्या हॉकीसाठी मोडला. आपले तत्त्व सोडले म्हणून याला तडजोड म्हणणारे भेटतील. मला यात तत्त्वाची पूर्तता दिसते. पॅरिसमध्ये नियम पाळण्याची किंमत त्याच्या कीर्तीने मोजली असती, म्हणून तो नियमाला चिकटून राहिला. वेइशियनमध्ये ती किंमत मुले मोजत होती, म्हणून त्याने नियम बाजूला ठेवला. चित्रपटात एक प्रसंग आहे. चर्चबाहेर रविवारी चेंडू खेळणाऱ्या मुलाला लिडल हटकतो आणि उद्या सकाळी तुझ्याशी खेळेन असे सांगतो. वेइशियनच्या मुलांना ‘उद्या’ सांगण्यात अर्थ नव्हता. पटकथेतल्या त्या गोड प्रसंगाला आयुष्याने दिलेले हे उत्तर पडद्यावर आले असते, तर तो चित्रपट अधिक मोठा झाला असता. पण मग लिडल श्रद्धाळूंच्या भित्तिपत्रकात मावला नसता, आणि ‘न झुकणारा नायक’ या साच्यातही.

एक किंमत मात्र लिडलच्या या हिशेबात नीट बसत नाही. ती फ्लोरेन्सने मोजली. परक्या माणसाच्या म्हाताऱ्या आईचे पाणी भरणारा नवरा आपल्या तान्ह्या मुलीजवळ नव्हता. ही बाजू मराठी वाचकाला नवी नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याची आच लक्ष्मीबाईंना काही वर्षे एकटीने सोसावी लागली. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण नवऱ्याच्या निर्णयाने आपले काय झाले हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त हसत-रडत सांगून टाकले. एकाची श्रद्धा दुसऱ्याच्या संसारात कशी उतरते, याचे त्याइतके प्रामाणिक चित्रण विरळाच. लिडलच्या कथेला अशी लक्ष्मीबाई मिळाली नाही. मिळाली असती तर त्याच्या संतपणाला तडा गेला नसता; तो माणसात आला असता.

जिंकूनही न मिळणारी माफी

लिडलनंतरच्या खेळाडूंकडे या नजरेने पाहिले तर काही गोष्टी वेगळ्या दिसतात. ब्रिटनचा तिहेरी उडीपटू जोनाथन एडवर्ड्स याने रविवारमुळे १९९१ ची टोकियोची जागतिक स्पर्धा सोडली. १९९३ मध्ये त्याने विचार बदलला. १९९५ मध्ये गोथेनबर्गला १८.२९ मीटरचा जागतिक विक्रम केला आणि २००० मध्ये सिडनीत सुवर्णपदक जिंकले. २००७ मध्ये त्याने आपली श्रद्धा उरली नसल्याचे जाहीर केले. त्याची कथा लिडलइतकी सांगितली जात नाही, कारण तिला साचा नाही. नियम, नियमाचा त्याग, यश आणि शेवटी श्रद्धेचाच लोप, या क्रमातून काय बोध घ्यायचा हे ना चर्चला कळते, ना क्रीडाप्रेमींना. पण प्रत्येक टप्प्यावर तो स्वतःशी प्रामाणिक राहिला आणि भार त्यानेच वाहिला.

ऑस्ट्रेलियाचा रग्बीपटू इझ्राएल फोलाव याचे प्रकरण उलटे आहे. एप्रिल २०१९ मध्ये त्याने समाजमाध्यमावर समलिंगी व्यक्तींसह अनेकांना पापी ठरवून नरकाची ताकीद दिली. त्याच्या देशाच्या रग्बी संघटनेने करार रद्द केला. त्याच्या पाठीराख्यांनी वीस लाख डॉलरहून अधिक निधी उभा केला, आणि वर्षअखेरीस दोन्ही बाजूंत तडजोड झाली. संघटनेची कारवाई योग्य होती का, यावर दुमत होऊ शकते. फोलावनेही आपली कारकीर्द पणाला लावली, हे खरे. मात्र त्याचा नियम स्वतःच्या वर्तनापुरता नव्हता. ज्यांनी त्याचा धर्म पत्करला नाही अशांना तो उद्देशून होता, आणि त्या शब्दांचा भार खेळू पाहणाऱ्या एखाद्या समलिंगी मुलावर पडत होता. दोघांच्या पाठीराख्यांनी लिडल आणि फोलाव यांना एका माळेत ओवू नये.

आता आपल्या दाराशी यायला हवे. मुंबईकर क्रिकेटपटू जेमिमा रॉड्रिग्ज हिचे खार जिमखान्याचे मानद सभासदत्व ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाले. तिच्या वडिलांनी जिमखान्याच्या आवारात धार्मिक सभा घेतल्या, असा काही सभासदांचा आक्षेप होता. वडिलांनी धर्मांतराचा आरोप नाकारला आणि नियमांनुसार जागा घेऊन प्रार्थनासभा भरवल्याचे सांगितले. वर्षभराने, ३० ऑक्टोबर २०२५ रोजी, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद १२७ धावा केल्या. सामना संपल्यावर डोळ्यांत पाणी घेऊन तिने येशूचे आभार मानले, बायबलमधल्या वचनाचा उल्लेख केला, आणि स्पर्धेच्या काळात आपण चिंतेने किती ग्रासलो होतो हेही सांगितले. कौतुकाचा पाऊस पडला. त्याचबरोबर येशूचे नाव घेतल्याबद्दल समाजमाध्यमांवर तिची निर्भर्त्सनाही झाली.

लिडलच्या तुलनेत हे प्रकरण नीट पारखावे लागते. लिडलने देशासाठी एक शर्यत धावायला नकार दिला होता. जेमिमाने काहीच नाकारले नव्हते. ती खेळली, देशासाठी जिंकली आणि आभार मानले. लिडल आपल्या देशातल्या बहुसंख्याकांच्या धर्माचा होता. त्याच्या नकारावर लोक रागावले, पण देवाचे नाव घेतल्याबद्दल त्याला ब्रिटनमध्ये कोणी बोल लावले नसते. म्हणूनच सुवर्णपदक मिळताच त्याला माफी मिळाली. जेमिमाला विजयाने पूर्ण माफी मिळाली नाही. तिच्या बाबतीत हरकत कृतीवर नव्हती, नावावर होती.

खेळात धर्म आणूच नये, असे यावर कोणी म्हणेल. ही भूमिका आदरणीय आहे, पण ती सर्वांना सारखी लावली तरच. आपले क्रिकेटपटू मालिकेआधी देवदर्शनाला जातात, शतकानंतर आभाळाकडे पाहून हात जोडतात, त्याची छायाचित्रे आपण आवडीने पाहतो. त्यात गैर काही नाही. माणूस आपल्या मोठ्या क्षणी ज्याला स्मरायचे त्याला स्मरतो. तेच स्मरण वेगळ्या नावाने झाले की खेळाचे पावित्र्य आठवत असेल, तर ती हरकत खेळासाठी घेतलेली नसते. आणि किंमत कोणी मोजली हा प्रश्न इथे विचारला, तर जेमिमाच्या आभारामुळे कोणाला काही मोजावे लागले असे दाखवता येत नाही. चुकवावे लागले ते तिलाच.

‘चॅरिअट्स ऑफ फायर’ पुन्हा पाहावा असा चित्रपट आहे. त्यातले धावणे आजही अंगावर काटा आणते. अब्राहम्सच्या वाट्याला आलेल्या ज्यूद्वेषाचे चित्रण संयत आहे, आणि ते आपल्या चर्चेशी लिडलच्या कथेपेक्षाही जवळचे आहे. पण त्याच्या मोहिनीत एक समज आपण नकळत स्वीकारतो: निष्ठा खरी असेल तर शेवटी पदक मिळते, आणि पदक मिळाले की लोक गप्प होतात. लिडल ११ जुलैला पाचवा आला असता, तर हा चित्रपट निघाला नसता. त्याचा नकार मात्र तेवढाच मोलाचा राहिला असता. १९९१ मध्ये एडिंबरा विद्यापीठाने वेइशियनच्या त्या जागेवर त्याच्या स्मरणार्थ स्कॉटलंडमधला ग्रॅनाइटचा दगड उभारला. तिथे जी मुले होती, त्यांनी म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींत ४७.६ सेकंदांपेक्षा त्या रविवारच्या पंचाला अधिक जागा आहे.